दुपारचं तिकीट घ्या, रात्रीचं राहू द्या

गोव्यातल्या एका हॉटेलाच्या बॉलरूममध्ये ब्लूज या अमेरिकी संगीताचा दोन दिवसांचा कार्यक्रम झाला, त्याबद्दल हे लिहितोय. हॉटेलचं नाव लिहीत नाही. एक तर तक्रारी आहेत, आणि दुसरं म्हणजे तिथल्या बँक्वेट विभागात माझा भाचा आहे, त्याला अजून कायम केलेलं नाही. कलाकारांची नावंही त्यासाठीच घालत नाही. नाव सापडलं की पोस्टर सापडतं आणि पोस्टर सापडलं की हॉटेल. सासष्टीच्या किनाऱ्याकडचं, पाच तारे लावलेलं, गेटवर गाडीच्या पोटाखाली आरसा फिरवणारं, एवढं पुरे. पुढच्या पावसाळ्यातही असंच करायचा बेत आहे म्हणे, तर जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

मी कोण तेही सांगून टाकतो, म्हणजे माझा कान कुठल्या बाजूला झुकलेला आहे ते कळेल. फोंडा तालुक्यात म्हार्दोळच्या बाजूला माझं घर, घराच्या पडवीत माझं दुकान. दुकान म्हणजे एक बाक, एक दिवा, पाच-सहा कानशी आणि दुरुस्तीला आलेल्या पेट्या, म्हणजे हार्मोनियम. छत्तीस वर्षं पेट्यांचे सूर लावतोय. भजनाला साथ करतो, जत्रेतल्या नाटकांना ऑर्गनवर बसलोय. ब्लूज हा शब्द ऐकलेला होता, पण जॅझ, ब्लूज, रॉक हे सगळं माझ्या लेखी एकाच पिशवीतलं. भाच्यानं फोन करून सांगितलं की शनिवार-रविवार दोन दिवस ब्लूज आहे आणि एक जण माउथ ऑर्गन वाजवणार आहे. मी म्हटलं, माउथ ऑर्गन शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकलाय, तेवढा पुष्कळ झाला. तर म्हणाला, "मामा, तूं एकदां यो आनी आयक, मागीर उलय." म्हणजे आधी ये, ऐक, मग बोल.

गेलो. दोन रात्रींचं तिकीट 3,000 रुपये, एका रात्रीचं 1,800, रविवारी दुपारच्या कार्यशाळेचं वेगळं 500. मला भाच्याच्या वशिल्यानं थोडं स्वस्त पडलं. किती ते त्याच्यासाठी गुपित.

जुलैच्या शेवटी, भर पावसात, संगीताचा कार्यक्रम ठेवायचं कारण उघड आहे, खोल्या रिकाम्या असतात. पण बॉलरूमच का, तर ते कारण सरकारी आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावायला मनाई केली आहे, आणि सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंद जागांना आतल्या आत वाजवायची सूट दिली आहे. आमच्या जत्रेतली नाटकं पूर्वी कोंबडा आरवेपर्यंत चालायची, त्यांच्या मानेवर आता हेच घड्याळ बसलंय. त्यामुळे गोव्यात दहानंतर कुणाला काही वाजवायचं असेल तर भिंती शोधाव्या लागतात. ब्लूजला भिंती मिळाल्या. कशा मिळाल्या ते सांगतो.

खोली लांबरुंद, छत मात्र बेताचं आणि फॉल्स सीलिंगचं. खाली पाय रुतेल असा गालिचा. एका बाजूला आरसे, एका बाजूला सरकती भिंत, मधोमध कलशी उपडी घातल्यासारखं काचेचं झुंबर. गोल टेबलं मांडलेली, टेबलाला आठ खुर्च्या, म्हणजे निम्म्या लोकांची पाठ व्यासपीठाकडे. ज्याला ऐकायचं आहे त्यानं मान वळवून बसायचं, आणि वेटर आला की परत इकडे वळायचं. मी शनिवारी अडीच तास असा बसलो, रविवारी सकाळी बहिणीनं मानेला बाम चोळून दिला.

शनिवारी पहिलं त्रिकूट शिलाँगचं होतं. गिटार, बेस, ड्रम, एवढंच. पोरं तिशीच्या आतली. गिटारवाल्यानं पहिला सूर पांढरी तीनवर (पेटीची तिसरी पांढरी पट्टी, इंग्रजीतली E) धरला आणि रात्रभर बहुतेक तिथंच किंवा पांढरी सहावर (A) राहिला. मोकळ्या तारा त्या सुरात मिळतात म्हणून गिटारवाल्यांना या पट्ट्या लाडक्या, हे मला नंतर कळलं. गायकाच्या गळ्याप्रमाणे काळी एक, काळी चार धुंडाळायची सवय लागलेल्या माणसाला हे जरा चैनीचं वाटलं.

पहिल्या दोन गाण्यांत मला काही गवसेना. तिसऱ्यात मी बोटं मोडत मात्रा मोजल्या आणि कुलूप उघडलं. चार-चार मात्रांची बारा आवर्तनं, म्हणजे 48 मात्रांचा एक फेरा. पहिली चार आवर्तनं षड्जावर (सा), मग दोन मध्यमावर (म), परत दोन षड्जावर, मग एक पंचमावर (प), एक मध्यमावर आणि शेवटची दोन षड्जावर परत. सगळं गाणं या चक्रात फिरतं. शब्दही तसेच: एक ओळ म्हणायची, तीच ओळ परत म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. दुसऱ्यांदा म्हणताना खालचा आधार मध्यमावर सरकलेला असतो, त्यामुळे तीच ओळ जरा जास्त दुखते. गाणाऱ्याची ओळ संपली की गिटार जबाब देते. आमच्याकडे बुवांनी चरण म्हटला की मागचे झील ओढतात, त्याच जातीचं हे. लय वरवर चारची वाटते, पण प्रत्येक मात्रेचे आत तीन तुकडे, मधला गिळलेला. दादऱ्याच्या अंगानं केरवा चालवावा तसं.

टाळीची गंमत झाली. आपली टाळी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर पडते. हे लोक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर देतात. सगळ्या हॉलनं पहिल्या आणि तिसऱ्यावर टाळ्या धरल्या, त्यात मी सर्वांत मोठ्यानं. ड्रमवाला बिचारा काठी वर करून खुणावत होता, शेवटी त्यानं नाद सोडला. रविवारी सुधारलो. पण हात आवरून धरावा लागतो, समेवर तो आपोआप उठतो.

आता झुंबर. बेसवाल्यानं पांढरी सहाचा खर्ज छेडला की ते किणकिणायचं. दुसऱ्या कुठल्या सुरावर नाही, फक्त त्याच एका. सतारीच्या तरफा झंकारतात तसं. आधी मला वाटलं टेबलावर कुणी ग्लास वाजवतंय. मग लक्षात आलं आणि मग दुसरं काही ऐकू येईना. पांढरी सहामधलं गाणं असलं तर षड्ज आला की किण, आणि पांढरी तीनमधलं असलं तर मध्यमावर गेलं की किण. मध्यंतरात मी साउंडवाल्या मुलाला जाऊन सांगितलं की खालचा तेवढा एक सूर थोडा कापा. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बिल कमी करायला सांगतोय.

त्याहून वाईट ती सरकती भिंत. बॉलरूम अर्धीच ब्लूजला दिली होती, उरलेल्या अर्ध्या भागात कुठल्याशा कंपनीच्या डीलरांचं संमेलन होतं. साडेनऊला तिकडे डीजे सुरू झाला. इकडे त्रिकूट त्या रात्रीचं सर्वांत संथ गाणं वाजवत होतं. गिटारवाला एक सूर काढून तो विझेपर्यंत थांबतोय, आणि त्या थांबण्यात भिंतीपलीकडून धप्प, धप्प, धप्प. ब्लूजमध्ये रिकामी जागा हीच खरी मिळकत असते, हे मला तोवर कळायला लागलं होतं, आणि तीच नेमकी चोरीला जात होती. गिटारवाला एकदा भिंतीकडे बघून हसला, मग डोळे मिटून वाजवत राहिला. 1,800 रुपये घेणाऱ्यांनी ही तारीख दोघांना कशी दिली, याचं उत्तर भाच्याकडेही नाही. त्याला फक्त पलीकडे जाऊन "जरा हळू" सांगायला पाठवलं. तो जाऊन आला. फरक पडला नाही.

निवेदकाबद्दल थोडक्यात. "गोवा, आवाज येत नाहीये!" हे तो दर गाण्यानंतर म्हणत होता. ब्लूज शिकागोत जन्मला हेही त्यानंच सांगितलं. ते खरं नव्हे. हा प्रकार त्याआधीचा, अमेरिकेच्या दक्षिणेतला. मिसिसिपीच्या खोऱ्यातले कापसाचे मळे, गुलामगिरी कायद्यानं गेली तरी न सुटलेलं राबणं, त्यातल्या कृष्णवर्णीय लोकांचं हे गाणं. 1912 मध्ये डब्ल्यू. सी. हँडी या बँडवाल्यानं त्याची सुरावट छापून विकली, 1920 मध्ये मेमी स्मिथ या गायिकेची तबकडी निघाली आणि तुफान खपली. शिकागो नंतर. मडी वॉटर्स हा गिटार वाजवणारा गायक 1943 मध्ये मिसिसिपीहून तिथं गेला, आणि दारूच्या गुत्त्यातल्या गलक्यात साधी गिटार ऐकूच येईना, तेव्हा तिला वीज जोडावी लागली. म्हणजे विजेचा ब्लूज मुळात गोंगाटातूनच वाट काढायला निघाला. शनिवारच्या बॉलरूमला हे तंतोतंत लागू पडत होतं, पण ती काही हॉटेलची कामगिरी म्हणता येणार नाही.

माझ्या टेबलावर सासष्टीतलेच एक वयस्क गृहस्थ होते, ऐंशीच्या घरातले, इस्त्रीचा पांढरा शर्ट. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत सॅक्सोफोन वाजवलेला. माझी कुरकुर ऐकून त्यांनी बुटाच्या टाचेनं गालिचा दाबून दाखवला. खाली लाकडी फळ्या आहेत, म्हणाले, नाचासाठी घातलेल्या, आता झाकून टाकल्यात. "बॉलरूम नाचपाखातीर, आयकपाखातीर न्हय." मुंबईच्या ताजमध्ये 1935 साली लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा आला होता, त्या काळापासून मुंबईच्या हॉटेलांत नाचाचं संगीत वाजतंय आणि ते वाजवणाऱ्यांत गोंयकार ढिगानं. हळदोण्याचा चिक चॉकलेट, मडगावचा ख्रिस पेरी. चर्चच्या शाळेत सोल्फेजिओ, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, घोटून गेलेली ही माणसं, कागद समोर ठेवला की वाजवायची. नाचणाऱ्यांना सूर थोडा इकडेतिकडे चालतो, ठेका हलून चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. ब्लूजचं नेमकं उलट आहे का, असं मी विचारलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि सूप मागवलं.

खाण्याचं लवकर आटपतो. चिकन कॅफ्रियाल चांगलं, मिरची-कोथिंबिरीचा हिरवा मसाला हाडापर्यंत गेलेला. मासळी मागवू नका. 31 जुलैपर्यंत ट्रॉलरांना समुद्रबंदी असते, त्यामुळे बशीत आलेला विसवण (सुरमई) किती दिवस बर्फात झोपला होता ते त्यालाच ठाऊक. एसी इतका की शेजारच्या बाईंनी टेबलावरचा कापडी रुमाल खांद्यावर घेतला. स्वेटर न्या. जुलैत, गोव्यात, स्वेटर.

रविवारची दुपार मात्र वेगळी. मी जे काही चांगलं लिहिणार आहे ते सगळं त्या दोन तासांतलं आहे.

तीच बॉलरूम, पण डीलर घरी गेलेले, टेबलं भिंतीला लावलेली, खुर्च्या अर्धगोलात, माणसं जेमतेम चाळीस. मोठे स्पीकर बंद. कोपऱ्यात एक लहानसा व्हॉल्व्हचा अँप, जुन्या रेडिओसारखा तापून वास येणारा. माउथ ऑर्गनवाला कोलकात्याचा, पन्नाशीचा, दाढी पांढरी. कमरेला पट्टा, पट्ट्याला खण, आणि खणाखणात एकेक माउथ ऑर्गन, एकेका पट्टीचा. एकात दहा भोकं, प्रत्येक भोकाला दोन जिभा, म्हणजे रीडा, एक फुंकल्यावर वाजणारी, एक ओढल्यावर. वीस जिभा. मी पुढच्या रांगेत जाऊन बसलो.

हे वाद्य आणि माझी पेटी सख्खी भावंडं, हे मला तोंडानं माहीत होतं, कानानं माहीत नव्हतं. दोन्हींत पितळेची जीभ, तिच्याखाली तिच्याच मापाची चीर, हवा गेली की जीभ थरथरते. जर्मनीत होनर नावाच्या घड्याळजीनं 1857 मध्ये माउथ ऑर्गनचा कारखाना काढला, आपल्याकडे रीडा गुजरातेत पालिताण्यात घडतात, पण जीभ तीच. आणि या जिभेवरचा जुना डाग म्हणजे ती वाकत नाही. सा आणि रे यांच्या मधली जागा तिला दाखवता येत नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही म्हणून 1940 साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला बाहेर काढलं, ते थेट 1971 पर्यंत. माझे गुरुजी हे सांगताना अजूनही आवाज चढवायचे.

आणि इथं हा माणूस त्याच जिभेतून मींड काढत होता. तिसरं भोक ओढलं, शुद्ध गंधार (ग) लागला, आणि मग त्यानं घसा काहीतरी केला आणि तो गंधार डोळ्यांदेखत खाली घसरत कोमलापर्यंत गेला, तिथं न थांबता रिषभावर टेकला, आणि वर आला. भोक तेच. हात हलला नाही. मी खुर्चीत पुढे सरकलो तो दोन तास तसाच होतो.

त्यानं उलगडून सांगितलं. गाणं पांढरी तीनमध्ये असेल तर तो पांढरी सहाचा माउथ ऑर्गन उचलतो, कारण मग महत्त्वाचे सूर ओढण्याच्या बाजूला येतात, आणि खालच्या भोकांत ओढलेले सूरच वाकतात. एका भोकात दोन जिभा एकाच कोठडीत असतात. वाजवणाऱ्यानं आपली तोंडातली जीभ मागे घेऊन पोकळी विशिष्ट मापाची केली की ओढायची जीभ जरा दबते आणि तिच्या जोडीची फुंकायची जीभ मध्ये पडते, दोघी मिळून मधला सूर देतात. वरच्या जिभेपासून खालच्या जिभेपर्यंत जेवढं अंतर, तेवढ्याच आत घसरता येतं. म्हणजे कारागिरी जिभेची नाही, कोठडीची आणि घशाची. पेटीच्या भात्याला घसा नसतो. छत्तीस वर्षं मी दोष जिभेला देत होतो.

ब्लूजचा जो खास गंधार म्हणतात, तोही त्यानं उघडा करून दाखवला. कोमलच्या वर आणि शुद्धच्या खाली, मध्ये कुठेतरी, आणि तिथं तो स्थिर नसतो, कण्हल्यासारखा हलतो. मला लगेच दरबारी राग आठवला, पण त्यातला गंधार कोमलाच्याही जरा खाली झुलतो, हा कोमलाच्या वर. मी हे बोललो तर त्यानं मलाच गायला लावलं. चाळीस लोकांसमोर, बॉलरूममध्ये, दुपारी तीनला, दरबारीचा गंधार. आवाज फुटला, पण त्यानं माउथ ऑर्गनवर तो पकडला.

चहाच्या वेळी तो एक माउथ ऑर्गन परत परत ओठाला लावून तोंड वाकडं करत होता. विचारलं तर म्हणाला, चौथं भोक उतरलंय. ओढायची जीभ थकते, हेच भोक सर्वांत जास्त मार खातं, कारण पांढरी तीनच्या हिशेबानं तो पंचम आहे आणि वाकवला की तीव्र मध्यम होतो, तो सारखा लागतो. या पट्टीचा दुसरा त्यानं आणलेला नव्हता.

शनिवारी सकाळी मडगावात एका भजनी मंडळाची पेटी बघून मी तसाच हॉटेलवर आलो होतो, त्यामुळे माझी हत्यारं पिशवीत होती. मी विचारलं, उघडू का? त्यानं दोन मिनिटं माझ्याकडे बघितलं, मग स्क्रू ड्रायव्हर काढून दिला.

ओढायच्या जिभा खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूनं बसवलेल्या असतात, झाकण काढलं की समोर. पेटीच्या जिभेपुढे ही म्हणजे डासाचा पाय. सूर चढवायचा तर टोकाला घासायचं, उतरवायचा तर मुळाशी, हा नियम मात्र सारखा. चष्मा कपाळावर चढवला, जिभेखाली पातळ पितळी पट्टी सरकवली, सर्वांत बारीक कानशीनं टोकाला एक घासा मारला. पुसलं, त्याला दिलं. पहिलं आणि चौथं भोक ओढल्यावर एकच सूर दोन सप्तकांत येतो, त्यामुळे दोन्ही एकदम ओढून घेतलं की तपासता येतं. बेसूर असेल तर दोघांत लाट ऐकू येते, व्हांव व्हांव. लाट होती, पण लांबलेली. आणखी एक घासा. लाट आणखी लांबली. चहाचा कप घेऊन लोक भोवती जमलेले, एसीचा आवाज मध्ये येतोय, म्हणून भाच्याला सांगून एसी बंद करायला लावला. त्या दोन दिवसांत त्या खोलीत शांतता झाली ती तेवढीच पाच मिनिटं. तिसरा घासा मी मारला. त्यानं ओढून बघितलं, आणि पहिलं-चौथं जोडीनं लावून धरलं. लाट गेली होती.

त्यानं मजुरी विचारली. मी म्हटलं, तो गंधार परत एकदा दाखवा.

रविवारची रात्र शनिवारपेक्षा बरी गेली. सरकत्या भिंतीपलीकडे कुणी नव्हतं, आणि मी अनुभवानं शहाणा होऊन साउंडवाल्याच्या टेबलामागे उभा राहिलो. संपूर्ण हॉलमध्ये आवाज नीट मिळालेला ऐकू येतो तो तिथंच, कारण तो स्वतः तिथं बसून मिळवतो. बसायला मिळत नाही, पण मान सरळ राहते. झुंबर होतंच.

त्या रात्री एका बाईंनी काचेची नळी बोटात घालून गिटार वाजवली. तारेवर नळी सरकवली की सूर पायऱ्यांनी न जाता उतारानं जातो. मध्ये एका ठिकाणी शब्द संपले आणि त्या नुसत्या गुणगुणल्या, नळी त्या गुणगुणण्याच्या मागोमाग. मला आमच्या केरीच्या केसरबाई आठवल्या, आणि ते उगीच नाही. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे फोंड्यात शाळेतल्या पोराला माहीत असतं. तिच्यातच ब्लाइंड विली जॉन्सनचं 1927 सालचं ध्वनिमुद्रण आहे, ते मात्र मला त्या बाईंनी गाण्याआधी सांगितलं तेव्हा कळलं. आंधळा, रस्त्यावर गाणारा, त्याचंही हेच: गिटारवर सरकतं काहीतरी आणि बोल नसलेलं कण्हणं. इतकी वर्षं आमच्या बाईंच्या शेजारी कोण बसलंय याची मी चौकशी केली नव्हती.

माउथ ऑर्गनवाला शेवटी आला. त्यानं गोळीसारखा माइक वाद्याबरोबर मुठीत धरला, शिकागोत लिटल वॉल्टर या माउथ ऑर्गनवाल्यानं ही पद्धत गाजवली म्हणतात, आणि अँपमधून जो आवाज निघाला त्याला माउथ ऑर्गन म्हणवेना. मी वाट बघत होतो ती पांढरी तीनच्या गाण्याची. पहिलं गाणं पांढरी पाचचं. पट्ट्यातून दुसरा माउथ ऑर्गन निघाला. दुसरं गाणं पांढरी सहाचं, तिसरा निघाला. माझा खणातच. सव्वादहा वाजले आणि फोंड्याला गाडीनं जाणारे माझ्या ओळखीचे गृहस्थ दारातून हात करायला लागले. रविवारी रात्री त्या वेळेला तिथून म्हार्दोळ गाठायचं तर दुसरं काही हाताशी नव्हतं, हॉटेलच्या टॅक्सीनं सांगितलेला आकडा तिकिटापेक्षा मोठा होता, आणि सोमवारी सकाळी पेट्या न्यायला माणसं येणार होती. चतुर्थी तोंडावर आली की आरतीवाल्या सगळ्या मंडळांना एकदम आठवण होते. निघालो. पार्किंगपर्यंत छत्रीतून चालताना मागं तिसरं गाणं सुरू झाल्याचं ऐकू आलं, कुठल्या पट्टीत ते पावसात कळेना.

तर हिशेब असा. रात्रीचे 1,800 त्या खोलीत वसूल होत नाहीत, वादक कितीही चांगले असले तरी. दुपारचे 500 मी दुप्पट दिले असते. दोन्ही रात्रींना जायचंच असेल तर व्यासपीठाकडे तोंड असलेली खुर्ची आधी पकडा, नाहीतर साउंडवाल्यामागे उभे राहा. जेवून जा, मासळी सोडून काहीही. परतीची गाडी आधी ठरवा. आणि आयोजकांनी पुढच्या वर्षी भिंतीपलीकडची अर्धी खोली रिकामी ठेवावी, गालिचा गुंडाळावा, आणि त्या झुंबराच्या लोलकांना कुणीतरी बारीक दोरा बांधावा.

सोमवारी सकाळी भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर चाळीस सेकंदांचा तुकडा पाठवला. पँट्रीच्या दारातून काढलेला, अर्ध्या वेळ कुणाची तरी पाठ दिसते, एकदा बश्या आपटतात. शेवटचं गाणं, पांढरी तीन. मी बाकावर बसून, कानाला फोन लावून, अकरा वेळा ऐकलं. चौथं भोक तीन ठिकाणी येतं, एकदा वाकवून, दोनदा सरळ. वाकतंय छान. सरळ ओढलेल्या सुरात मात्र फोनवरसुद्धा कळतं की तो केसभर चढा आहे. तिसरा घासा नको होता.